मासा पाहून पाणी ओळखता येत नाही

‘नदीतला मासा सडपातळ, तळ्यातला उंच आणि चपटा. धरण झालं तरी नदीचे मासे आपोआप तळ्यासारखे होतात, काळजी नको’ असा मजकूर सध्या खूप फिरतो आहे. त्यात तीन दावे आहेत. पहिला अर्धवट, दुसरा चूक आणि तिसरा घातक.

वाहतं पाणी म्हणजे सडपातळ मासा? प्रवाहाविरुद्ध सतत पोहायचं तर निमुळत्या अंगाला ताकद कमी लागते, हे खरं. पण सगळे मासे पोहत कुठे बसतात? सह्याद्रीच्या ओढ्यांतल्या बालिटोरा या लहान माशाचं पोट सपाट असतं, आडवे पसरलेले पर दगडाला टेकवून तो प्रवाह अंगावरून जाऊ देतो. ग्लिप्टोथोरॅक्स या ओढ्यातल्या माशाच्या छातीवर तर कातडीच्या घड्यांची पकडच असते. मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी अशा ओढ्यांतल्या जीवसृष्टीवर १९३० मध्येच सविस्तर लिहून ठेवलं आहे.

साचलेलं पाणी म्हणजे उंच अंग? मग मरळ बघा. तळ्याच्या गाळात राहते आणि अंग लांब, गोल. कटल्याची पाठ उंच, पण तो मूळचा गंगेच्या खोऱ्यातल्या नद्यांचा. तळ्यात तो सहसा अंडी घालत नाही, म्हणून तर मत्स्यबीज (लहान पिल्लं) सोडावं लागतं.

पाणी स्थिर असूनही आकार बदलतो, तो भक्षकामुळे आणि अन्नामुळे. ब्रोनमार्क आणि माइनर या संशोधकांनी १९९२ मध्ये स्वीडनमधल्या क्रूशियन कार्पबद्दल हे दाखवलं: पाइक हा शिकारी मासा सोबत असेल तर या माशाचं अंग उंच होतं आणि तो पाइकच्या जबड्यात सहज मावत नाही. पाइक नसेल तर अंग उथळच राहतं. आइसलँडच्या थिंगवलावात्न सरोवरात आर्क्टिक चार या एकाच माशाची चार रूपं आहेत. तळाशी चरणाऱ्यांचं तोंड बोथट, खालचा जबडा आखूड. वरच्या पाण्यातले प्लवक (तरंगणारे सूक्ष्मजीव) टिपणाऱ्यांचं तोंड टोकदार. प्रवाहाचा इथे संबंधच नाही.

राहिला धरणाचा दावा. मिसिसिपी राज्यातल्या जलाशयांमध्ये ब्लॅकटेल शायनर माशाचं अंग उंच आणि डोकं लहान झाल्याचं २०१० मध्ये प्रसिद्ध झालं, म्हणजे काही मासे बदलतात. पण हा जलाशयात तगून राहिलेला मासा. बालिटोराला उघडा दगड आणि खळाळतं पाणी हवं. दगडावर गाळ बसल्यावर त्याने कोणता आकार घ्यायचा? जे तगले त्यांचीच मापं घेतली, तर नाहीसे झालेले हिशेबात येतच नाहीत. एखाद्या प्रकल्पाच्या बाजूने हा मजकूर कुणी पुढे केला, तर बुडणाऱ्या खडकाळ पात्रातल्या माशांची यादी आधी मागा.