कृपया बसू नये

आमच्या इतिहास मंडळाकडे वर्षातले दहा महिने कुणी ढुंकून पाहत नाही. मग पानगळ सुरू होते आणि कार्यकारिणीच्या अंगात येतं. दोन महिन्यांत कंदिलाच्या उजेडातली फेरी, स्मशानातली फेरी, वंशावळ कशी शोधावी याची कार्यशाळा, 'तुमच्या माळ्यावर काय दडलंय?' आणि शेवटी भुतांची रात्र. कार्यकारिणीत अकरा जण आहेत. सात जण गुडघ्यांमुळे जिना चढत नाहीत, दोघांना फक्त हिशेब बघायचे असतात आणि एक अध्यक्ष आहेत. उरलेला मी.

मंडळाच्या ताब्यात एक जुनं घर आहे. तेच आमचं संग्रहालय. दीडशे वर्षांपूर्वी तिथे एक वकील राहायचे. त्यांनी आयुष्यात विशेष काही केलं नाही, पण काही फेकलंही नाही. एवढं भांडवल घर-संग्रहालयाला पुरतं.

घरांची संग्रहालयं करायचं खूळ निघालं कुठून, ते मी एकदा चिडून शोधून काढलं. १८५३ साली एक बाई पोटोमॅक नदीतून बोटीने चालल्या होत्या. काठावर जॉर्ज वॉशिंग्टनचं माउंट व्हर्नन हे घर दिसलं, पार मोडकळीला आलेलं. बाईंनी लेकीला पत्र लिहिलं. लेक म्हणजे अ‍ॅन पामेला कनिंगहॅम. तिने देशभरच्या बायका जमवल्या, दोन लाख डॉलर उभे करायला घेतले, १८५८ मध्ये घराचा करार केला आणि १८६० मध्ये ते लोकांना बघायला खुलं केलं. (न्यूबर्ग गावातलं वॉशिंग्टनच्या मुक्कामाचं घर न्यूयॉर्क राज्याने त्याआधी, १८५० सालीच जपायला घेतलं होतं. पण सरकारवर चिडण्यात मजा नाही.) त्या दिवशी त्या माउलीला बोट लागली असती आणि ती डोळे मिटून पडून राहिली असती, तर आज माझे शनिवार-रविवार माझे असते.

आमच्या क्युरेटरबाई विद्वान आहेत आणि त्यांचा माणसांपेक्षा कापडावर जीव आहे. रेशीम, जलरंगातली चित्रं, जुने कागद यांच्यावर पन्नास लक्सच्या वर उजेड पडू द्यायचा नाही, हा त्यांचा दंडक. एक मेणबत्ती एक मीटरवरून जेवढा उजेड देते तो साधारण एक लक्स. बाहेर भर उन्हात हाच आकडा लाखाच्या घरात जातो. आणि उजेडाने केलेली झीज भरून येत नाही, साठत जाते. हे सांगताना बाई अशा बघतात की ऊन मीच पाडतो. त्यामुळे पडदे कायम ओढलेले. येणारा प्रत्येक जण दारातच विचारतो, "लाइट गेलेत का?" कंदिलाच्या फेरीत कंदिलांतही खऱ्या ज्योती नसतात, बॅटरीवरच्या असतात. सगळ्या एकाच लयीत लुकलुकतात, कवायत केल्यासारख्या.

पानगळीत किडेही घरात शिरतात, त्यांनाही ऊब हवीच. कोपऱ्याकोपऱ्यात चिकट सापळे लावलेत. दर सोमवारी त्यात मेलेले किडे मोजून, जात ओळखून रजिस्टरात लिहायचे. जिवंत सभासदांचं रजिस्टर इतकं नीट नाही. कसर लागलेली शाल पिशवीत बांधून उणे वीस अंशांवर दोन आठवडे गोठवायची असते. ते फ्रीझर आमच्या कार्यालयात आहे. त्यावरची 'खाद्यपदार्थ ठेवू नयेत' ही चिठ्ठी अध्यक्षांना उद्देशून आहे.

माळ्यावरच्या वस्तूंच्या दिवशी शिलाई मशिनं येतात. दुसरं काहीही येत नाही. पुढे जाऊ.

माझा खरा शत्रू म्हणजे वरच्या खोलीतला पलंग. तो बघितला की लोक म्हणतात, "केवढासा! तेव्हाची माणसं बुटकी होती ना?" मी सांगतो, नाही हो. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले, तिथेच जन्मलेले सैनिक सरासरी पाच फूट आठ इंचांच्या आसपास होते. खांब उंच, उशा ढीगभर, गादी फुगीर, म्हणून पलंग आखूड दिसतो. मोजला तर बरेचदा आजच्याएवढाच भरतो. मी टेप काढून मोजूनही दाखवतो. मग मागून कुणीतरी म्हणतं, "पण ते बसून झोपायचे, असं आम्हाला दुसऱ्या संग्रहालयात सांगितलं." आणि सगळा घोळका त्याच्याकडे वळतो. माझ्या हातातली टेप आपोआप सर्रकन गुंडाळली जाते. खोटी गोष्ट सांगायला टेप लागत नाही, हे तिचं मोठं सुख. तरी मी हट्टाने खरं तेच सांगत आलो. मंडळात माझं टोपणनाव 'टेपकाका' आहे.

तर भुतांची रात्र. वकिलांचं भूत म्हणून माझी निवड झाली. अध्यक्ष म्हणाले, "तुम्हाला मेकअप लागणार नाही." नियम दोन होते. भुताने दिवाणखान्यातल्या खुर्चीशेजारी उभं राहायचं आणि भुताने बोलायचं नाही.

त्या खुर्चीवर एक पाइनकोन, म्हणजे पाइनच्या झाडाचं टणक, खवल्यांचं बोंड, ठेवलेला असतो. ही युक्ती आमची नव्हे. जुनी घरं जपणाऱ्या ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या घरांत खुर्च्यांवर पाइनकोन किंवा काटेरी बोंडं ठेवतात. पाटी न लावता माणसाला कळावं, की इथे बसायचं नाही.

तिसऱ्या घोळक्यातल्या एका भरभक्कम गृहस्थांना ते कळलं नाही. त्यांनी पाइनकोन अलगद उचलला, शेजारच्या मेजावर ठेवला आणि ते खुर्चीत बसले. खुर्चीने आवाज केला. मी मूक भूत. डोळे वटारले, त्यांनी दाद दिली. हात हलवून 'उठा, उठा' अशा खुणा केल्या. त्यांच्या सौभाग्यवतींनी फोटो काढला. खुर्चीने पुन्हा आवाज केला, या वेळी मागच्या पायाकडून. ज्या पायातून क्युरेटरबाईंना गेल्या महिन्यात भुसा गळताना दिसला होता, तोच. मला क्युरेटरबाईंचा चेहरा दिसला आणि माझ्या तोंडून असा घोगरा आवाज निघाला, की मीच दचकलो.

"ऊऊठाऽऽ!"

ते ताडकन उठले. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग खुर्चीसमोर रांग लागली. प्रत्येकाला बसून भुताकडून ओरडून घ्यायचं होतं. मी दोन्ही हात पसरून खुर्चीपुढे आडवा झालो आणि पाइनकोन झपकन परत जागेवर ठेवला.

एका चिमुरडीने विचारलं, "भूतकाका, हे खुर्चीवर का ठेवता?"

बोलायचा नियम आता मोडलाच होता. नॅशनल ट्रस्ट, लाकूड पोखरणारे भुंगेरे, सांध्यांवर येणारा भार हे सगळं माझ्या ओठांवर आलं होतं. पण रांग पुढे सरकत होती. मी म्हणालो, "आमची ही नावडत्या पाहुण्यांच्या खुर्चीवर मुद्दाम हे ठेवायची. बसणारा मेलाच!"

खुर्ची वाचली. त्या रात्री परत कुणी तिला हात लावला नाही.

यंदा मंडळाला एक नवीन स्वयंसेविका मिळाली आहे, फार चुणचुणीत. गेल्या रविवारी मी पलंगाकडे टेप घेऊन चाललो होतो, तेव्हा खालून तिचा आवाज ऐकू आला: "आणि या वकिलीणबाई इतक्या तिरसट, की नको असलेल्या पाहुण्याच्या खुर्चीवर पाइनकोन ठेवायच्या. हा त्यांचाच पाइनकोन."

मी धावत खाली गेलो. "अहो, असं काही नव्हतं. ते मी..."

घोळक्यातले एक आजोबा माझ्याकडे वळून समजुतीने म्हणाले, "नाही हो, बरोबर आहे त्यांचं. आम्ही गेल्या वर्षीही हेच ऐकलं होतं."