७ टक्क्यांचा तो आकडा शिकवण्याबद्दलचा नाही

शाळा सुरू झाल्या की नव्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. हात थरथरले की वर्ग हातातून गेलाच!' हे चूक आहे, आणि पहिल्यांदा वर्गावर जाणाऱ्याची धडधड ते उगाच वाढवतं.

आकडे खरे आहेत, पण वेगळ्याच गोष्टीचे. १९६७ साली अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या दोन प्रयोगांतून ते आले. एकात सुटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवले होते. दुसऱ्यात 'मेबी' (म्हणजे 'कदाचित') हा एकच इंग्रजी शब्द आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो. बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही, एवढंच ओळखायचं होतं. धडा समजावण्याचा तिथे संबंधच नव्हता. हे सूत्र भावना आणि आवडीनावडीपुरतंच आहे, असं खुद्द मेहराबियन यांनीही स्पष्ट केलं आहे.

माझ्या पहिल्या तासाला, पाचवीच्या वर्गात, खडू दोनदा मोडला. आवाज कापत होता. तरी फळ्यावर भाकरी काढून तिचे चार भाग केले, पाव म्हणजे काय ते सांगितलं. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "बाई, मग दोन तुकडे म्हणजे अर्धीच ना?" माझे शब्द तिच्यापर्यंत पोचले होते.

म्हणून आरशासमोर हातवारे घोटू नका. पहिली पाच वाक्यं आणि पहिलं उदाहरण मोठ्याने म्हणून पाहा, जमलं तर रिकाम्या वर्गात, फळ्यावर लिहीत.