आटे घालवलेत ते घालवलेत, वर लपवलेत का?

माझ्यासमोर टेबलावर एक बोल्ट पडलाय. मोटरसायकलच्या इंजिनाखालचा, ऑइल सोडायचा. गॅरेजवाले ज्याला चेंबर नट म्हणतात तो, 12 एमएमचा, 17 च्या पान्याचा. त्याच्या आट्यांत, म्हणजे पेचाच्या खाचांत, ॲल्युमिनियमची चकचकीत तार स्प्रिंगसारखी अडकून बसलीय. ती तार म्हणजे माझ्या इंजिनाचे आटे, केसमधून म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचातून सोलून निघालेले. आणि त्या तारेवरून पांढऱ्या टेफ्लॉन टेपचे वेढे घातलेत. नळाच्या जोडाला प्लंबर गुंडाळतो ती टेप!

ही टेप कुणी गुंडाळली? मी नाही. गळती सापडेपर्यंत नऊ वर्षांत त्या बोल्टला मी पाना लावलेला नव्हता. म्हणजे सर्व्हिस सेंटरमध्ये ज्यानं आटे घालवले त्याला त्याच क्षणी कळलं होतं की घालवले. त्यानं बोल्ट बाहेर काढला, सोललेली तार डोळ्यांनी पाहिली, टेप आणली, गुंडाळली, बोल्ट परत बसवला, वरून ऑइल ओतलं आणि गाडी माझ्या ताब्यात दिली. माझा संताप ह्याच्यावर आहे. आटे जाणं एक वेळ समजू शकतो. लोखंड आणि ॲल्युमिनियमचा मामला आहे, कुणाच्याही हातून होईल. पण हे लपवून मला रस्त्यावर सोडलंत?

गाडी साधी 100 सीसीची, 74 हजार किलोमीटर झालेली. रोज कोल्हापूर ते कागल एमआयडीसी आणि परत. पावसाळ्याआधी जूनमध्ये सर्व्हिसिंगला टाकली, तीही अधिकृत सेंटरला, कारण घरच्यांचं म्हणणं की तिथं काम नीट होतं. बिल 1,850 रुपये. त्यात ‘कन्झ्युमेबल्स’ म्हणून 90 रुपये वेगळे. तिसऱ्या दिवशी सकाळी आई दारात रांगोळी काढायला गेली आणि तिथूनच हाक मारली, ‘अरे, गाडीखाली बघ काय सांडलंय.’ शहाबादी फरशीवर रुपयाएवढा काळा डाग.

गाडी घेऊन गेलो. काउंटरवरच्यानं खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. ‘सर, नवीन ऑइल आहे, थोडं जास्त पडलं असेल. पुसून घ्या, थांबेल.’ थांबलं नाही. आठवड्यानं परत गेलो, तर म्हणे गिअर शाफ्टचं सील गेलंय. बदललं, 380 रुपये घेतले. घरी आलो, दुसऱ्या दिवशी डाग तिथंच, तेवढाच. जे सील फुटलंच नव्हतं त्याचे पैसे मी भरले. आणि त्या सीलपासून चार बोटांवर तो टेप गुंडाळलेला बोल्ट ठिबकत होता!

गळती शोधायला काय अवघड असतं हो? ऑइल वाऱ्यानं मागं पसरतं आणि सगळ्यात खालच्या टोकावरून ठिबकतं, त्यामुळे थेंब जिथं पडतो तिथंच गळती असेल असं नाही, हे मान्य. म्हणून तर आधी इंजिनाचं बूड रॉकेलनं धुवायचं, कोरडं पुसायचं, त्यावर अंगाला लावायची पावडर शिंपडायची आणि पाच मिनिटं गाडी चालू ठेवायची. जिथून ऑइल निघतं तिथं पावडर ओली होऊन काळी रेघ उमटते. मी हे घरी, आईच्या पावडरीच्या डब्यानं, अर्ध्या तासात केलं. रेघ सरळ चेंबर नटाच्या कडेवरून निघाली. पाना लावून हलकंच फिरवलं तर बोल्ट नुसताच फिरत राहिला. कुठं आवळल्याचं लक्षण नाही.

त्या क्षणी हात थंड पडले माझे. कारण त्या दोन आठवड्यांत मी त्याच गाडीवर हायवेनं रोज जात होतो. गोकुळ शिरगावजवळ पावसात एकदा मागचं चाक सरकलंही होतं, मागं कारखान्यातला सहकारी बसलेला. मला वाटलं चिखल असेल. घरी येऊन टायरला हात लावला तर डावी कड तुळतुळीत तेलकट. चेंबर नटातून उडालेलं ऑइल मागच्या चाकावर जात होतं. तो बोल्ट धावत्या गाडीतून निखळला असता तर सगळं ऑइल मागच्या चाकाखाली आणि मागून ट्रक! काउंटरवर बसून ‘पुसून घ्या’ म्हणणाऱ्यानं एकदा त्या रस्त्यावर जुलैच्या पावसात गाडी चालवून दाखवावी.

आणि इंजिनाचं काय झालं असतं? ह्या गाडीत जेमतेम लिटरभर ऑइल मावतं. तेच क्लचला, तेच गिअरला, तेच पिस्टनला. ऑइल कमी झालं म्हणून सांगणारा दिवासुद्धा माझ्या गाडीला नाही. मी ऑइल मोजायची काडी काढून पाहिली तेव्हा ऑइल खालच्या खुणेच्याही खाली गेलं होतं. आणखी आठवडाभर कळलं नसतं तर इंजिन जाम.

हे सगळं कशामुळं? दहा रुपयांच्या वायसरमुळं. ह्या बोल्टाखाली ॲल्युमिनियमचा किंवा तांब्याचा मऊ वायसर असतो. बोल्ट आवळला की तो दबतो, बारीक फटी भरून काढतो आणि ऑइल अडतं. एकदा दबला की तो कडक होतो, दुसऱ्यांदा तसा दबत नाही. म्हणून ऑइल बदलताना वायसर नवा घालायचा. माझा जुना वायसर चेपून पार पातळ झालेला आहे, दोन्ही बाजूंना जुन्या वर्तुळांच्या खुणा आहेत, म्हणजे कित्येक वर्षं तोच फिरवून घातलाय. मग ते 90 रुपयांचे कन्झ्युमेबल्स गेले कुठं? जुना वायसर गळतो, मग गळू नये म्हणून आणखी आवळायचं, पुढच्या वेळी आणखी. असल्या बोल्टाला 25 ते 30 न्यूटन मीटर जोर पुरतो. हातातला पाना, मनगटाचा दाब, बस्स. आणि तिथं चाकाचे नट ज्या एअर गननं सोडवतात त्याच गननं हा बोल्ट मारतात. बोल्ट पोलादी, केस ॲल्युमिनियमची. हार कुणाची होणार हे काय सांगायला पाहिजे?

मी सेंटरला फोन केला. आता सूर बदललेला. ‘जुनी गाडी आहे सर, आटे झिजतात. इंजिन खोलून केस बदलावी लागेल, साडेनऊ हजारांपर्यंत जाईल.’ माझ्या गाडीची चूक! नऊ वर्षं एक थेंब न सांडलेल्या गाडीचे आटे तुमच्या सर्व्हिसिंगनंतर तिसऱ्याच दिवशी झिजले?

गाडी टेम्पोत घालून उद्यमनगरला नेली, 350 रुपये भाडं. तिथं लेथवर काम करणारे एक वयस्कर मिस्त्री आहेत. त्यांनी बोल्ट काढला, तार पाहिली, टेप पाहिली आणि मान हलवली. म्हणाले, ‘ह्यो गननं मारलाय. हातानं आवळणाऱ्याला आटा सुटाय लागला की मनगटाला कळतंय, थांबतोय त्यो.’ मग ड्रिलला आणि टॅपला, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराला, ग्रीस फासून, कीस आत पडणार नाही अशा बेतानं भोक मोठं केलं, नवे आटे पाडले, त्यात स्टीलचं हेलिकॉइल, म्हणजे आट्यांचं काम करणारी तारेची गुंडाळी, बसवलं, थोडं ऑइल वरून ओतून खालून सोडून दिलं, राहिलेला कीस धुऊन काढला. नवा बोल्ट, नवा तांब्याचा वायसर. टॅप मारताना अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, प्रत्येक वेळी तसंच, घाई नाही. इंजिन खोललं नाही, केस बदलली नाही. दीड तास, 400 रुपये. स्टीलचे आटे आता मूळच्यापेक्षा मजबूत आहेत. त्या दिवसापासून फरशी कोरडी.

त्या मिस्त्रींकडे चकचकीत काउंटर नाही, एसी नाही, ‘सर सर’ म्हणणारा पोरगा नाही. पण टेपचा तुकडा आत जाऊन ऑइलची जाळी तुंबू शकते, ही काळजी त्यांना वाटली. जाळी काढून बघूया का, असं त्यांनी स्वतःहून विचारलं. बघितली. त्यात टेपचा एक धागा सापडला.

बोल्ट घेऊन मी सेंटरच्या मॅनेजरसमोर गेलो. कागदावर ठेवला. तार, टेप, वायसर, सगळं. त्यांनी दोन बोटांनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, ‘तुम्ही बाहेर काम करून घेतलंय, आता आमची जबाबदारी नाही.’ आणि तुमच्याकडे होती तेव्हा कुठं होती जबाबदारी? ज्या पोरानं गन चालवली त्याच्यावर माझा तेवढा राग नाही. त्याला कुणी टॉर्क पाना, म्हणजे मोजून जोर लावायचा पाना, दिलाच नसेल, वायसरचा डबा दिलाच नसेल आणि दिवसाला इतक्या गाड्या काढ म्हणून मानगुटीवर कुणीतरी बसलेलं असेल. चूक सांगितली तर पगारातून कापतील, ही भीतीही असेल. पण हे सगळं ज्यांनी असं चालवलंय ते तर समोर खुर्चीवर बसलेत आणि मला कागद परत सरकवतायत!

2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीची व्याख्या आहे. त्यात निष्काळजीपणा तर येतोच, ग्राहकापासून महत्त्वाची माहिती जाणूनबुजून दडवणंही येतं. टेपचे वेढे म्हणजे दुसरं काय आहे? सीलचे 380, टेम्पोचे 350, मिस्त्रींचे 400, नव्या ऑइलचे पैसे आणि जॉब कार्डावर, म्हणजे सेंटरच्या कामाच्या नोंदीवर, लेखी कबुली, एवढं मागितलंय. तक्रार लिहून झाली, जॉब कार्ड आणि दोन्ही बिलांच्या झेरॉक्स जोडल्या. उद्या जिल्हा ग्राहक आयोगात देणार.

बोल्ट मी धुतलेला नाही. तारही काढलेली नाही, टेपही नाही. पिशवीत घालून असाच घेऊन जाणार आहे.