चांदी खरी आहे, साल खोटं आहे: 1939 च्या रुपयाबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार.

ऑनलाइन घेतलेला 1939 चा रुपया, दोन शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) आणि रामदरबाराचं तांब्याचं नाणं घेऊन तुम्ही आमच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात आलात. आम्ही चारही नाणी घ्यायला नकार दिला. पुढे सराफाच्या मशीनवर रुपयात 91 टक्क्यांच्या वर चांदी निघाली. त्यावरून तुम्ही एक तारा देऊन लिहिलंत की ‘स्वतःचा माल खपावा म्हणून हे दुसऱ्याच्या मालाला खोटं ठरवतात.’ असाच रुपया घेऊन आमच्याकडे बरेच जण येतात. त्यांनाही उपयोग होईल म्हणून दुकानात सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो.

सराफ बरोबर सांगतोय. 1835 पासून 1939 पर्यंतच्या ब्रिटिश रुपयात 91.7 टक्के चांदी असते आणि वजन 11.66 ग्रॅम. तुमचा रुपया दोन्ही कसोट्यांना उतरतो. तो मुंबईच्या टाकसाळीतच पडलेला, सहाव्या जॉर्जचा अस्सल रुपया आहे. फक्त तो 1939 चा नाही, 1938 चा आहे. शेवटचा 8 कोरून त्याचा 9 केलाय.

हे करण्यामागचं गणित सरळ आहे. 1938 चा रुपया चांदीच्या भावाच्या आसपास सहज मिळतो. 1939 चा दुर्मिळ, त्याची किंमत कित्येक पट. दोघांचं वजन, व्यास, चांदी, कडेवरचे दाते सगळं सारखं. त्यामुळे काटा, चुंबक, सराफाची मशीन यांपैकी एकही इथे कामाचं नाही. मशीन धातू ओळखते, साल ओळखत नाही.

मग आम्ही काय पाहिलं? तुमच्याच नाण्यावरचा दुसरा अंक. 1939 मध्ये 9 दोनदा येतो, म्हणजे ताडून बघायला खरा 9 शेजारीच आहे. दहापट भिंगाखाली तुमचा पहिला 9 गोलसर आणि भरीव दिसतो, टाकसाळीत उठला तसा. शेवटच्या 9 ची शेपटी बारीक आहे, तिचं टोक तुटक आहे, आणि 8 च्या खालच्या गोलाची डावी बाजू जिथे होती तिथे नाण्याची सपाट जमीन खरवडलेली दिसते. ऐंशी वर्षांत चांदीवर जो करडा थर चढतो तो नाण्यावर सगळीकडे आहे, नेमका त्या अंकाभोवती नाही. हे दिसायला दोन मिनिटं पुरतात, कारण 1939 म्हटलं की आम्ही आधी शेवटचा अंकच बघतो. उरलेलं नाणं सुंदर आहे आणि ते असं खराब केलेलं पाहून मला मनापासून वाईट वाटतं.

कधी कधी 1940 नंतरच्या रुपयाचंही साल बदललेलं सापडतं. ते पकडणं सोपं. 1940 पासून चांदी 50 टक्क्यांवर आली आणि कडेवर दात्यांच्या मधोमध सुरक्षेची खाच आली. 1939 च्या रुपयाला ती खाच असूच शकत नाही. म्हणून विकणाऱ्याकडून कडेचा फोटो मागायचा. दोन्ही बाजूंचे दहा फोटो देणारा माणूस कडेचा एक फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर तिथेच थांबावं.

आता शिवराया. त्यांचं वजन नाण्यागणिक कमीजास्त असतं, कारण महाराजांच्या नंतरही कितीतरी वर्षं, वेगवेगळ्या ठिकाणी त्या पडत राहिल्या. तेव्हा वजनावरून निकाल देता येत नाही. पण शिवराई हातानं ठोकून पाडलेलं नाणं आहे. ‘श्री राजा शिव’ आणि ‘छत्रपति’ ही अक्षरं प्रत्येक नाण्यावर वेगळ्या जागी सरकतात, कुठे अर्धी कापली जातात. तुमच्या दोन्ही शिवरायांवर अक्षरं एकाच ठिकाणी कापलीत, काठावरचा टवकाही एकाच जागी, एकाच आकाराचा. असं फक्त एका साच्यातून ओतलेल्या नाण्यांत होतं. कडेला सांध्याची बारीक रेघही आहे, कानशीनं घासूनही पुरती गेलेली नाही. दोन्ही एकत्र घेतल्यात म्हणून हे उघड झालं, एकच असती तर आम्हालाही जास्त वेळ लागला असता.

रामदरबाराचं ‘ईस्ट इंडिया कंपनी, 1818, एक आणा’ हे नाणं तर नक्कलही नाही, कारण तसं मूळ नाणं कधी अस्तित्वातच नव्हतं. कंपनीनं देवादिकांची चित्रं घालून तांब्याचा आणा पाडलेला नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात एक आण्याचं नाणं आलं ते एडवर्ड सातव्याच्या काळात, तांबं-निकेलच्या मिश्रणाचं, नागमोडी कडेचं. देव्हाऱ्यात ठेवायचं असेल तर अवश्य ठेवा. पण ‘तांदूळ ओढतं’, म्हणजे अंगात चमत्कारी शक्ती आहे, म्हणून अशाच तुकड्यांसाठी लोकांनी लाखो रुपये घालवलेत, म्हणून हे स्पष्ट सांगतो.

चुंबकाबद्दलही एक सांगायला हवं, कारण ‘चिकटलं की खोटं’ असं तुम्ही लिहिलंय. चांदीच्या रुपयाला ते लागू आहे. 1947 चा रुपया मात्र निकेलचा आहे, तो चिकटलाच पाहिजे. वाघाचा 1947 चा रुपया चुंबकाला चिकटला नाही तर काळजी करा.

आमच्या हेतूबद्दल: आमच्याकडे आज विकायला 1939 चा रुपया नाही, त्यामुळे तुमचा खोटा ठरवून माझं काही विकलं जाणार नव्हतं. ऑनलाइन विकणारे सगळे वाईट असंही मी म्हणत नाही, उत्तम आणि प्रामाणिक लोक तिथे आहेत. पण 1939 सारखं नाणं कुठूनही घ्या, माझ्याकडूनही, तरी नामांकित ग्रेडिंग संस्थेच्या (नाणं तपासून, दर्जा ठरवून ते क्रमांकाच्या बंद डबीत देणाऱ्या) डबीतच घ्या, आणि डबीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या साइटवर टाकून तिथला फोटो हातातल्या नाण्याशी ताडून बघा. डब्यासुद्धा खोट्या येतात.

‘रुपया चांदीच्या भावानं तरी घ्यायला हवा होता’ असंही तुम्ही म्हटलंय. आम्ही घेऊ शकत होतो. पण तो आम्हाला विकलात की परत करायला तुमच्या हातात काही उरत नाही. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार बनावट किंवा वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. पाकीट, बिल, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, आधी लेखी तक्रार करा, दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंदवा. नाणं धुऊ नका, पॉलिश करू नका. त्या अंकाभोवतीची खरवड हाच तुमचा पुरावा आहे. त्याचे भिंगातून मोठे फोटो आम्ही काढून देऊ, पैसे घेणार नाही. सोमवार सोडून कधीही या.