‘सा मोजा’ म्हणजे एक नव्हे, सात!

“वेलकम टू आफ्रिकन टाइम! आता जरा रिलॅक्स व्हायला शिका.”

काल रात्री पावणेनऊला हा मेसेज आला. पुढे हसरा चेहरा आणि नारळाचं झाड. विमानतळाबाहेरच्या बाकावर ६ तास काढून मी टांझानियातल्या मोशी शहरातल्या खोलीत नुकत्याच बॅगा टेकवल्या होत्या. घशाला कोरड, पाय सुजलेले, घरी आई देव पाण्यात घालून बसलेली. आणि इथल्या शाळेत स्वयंसेवक म्हणून शिकवायला पाठवायचे ज्या संस्थेने माझ्याकडून ९८० डॉलर मोजून घेतले, तिथली समन्वयक बाई दुसऱ्या खंडात बसून मला सांगतेय की आफ्रिकेत असंच चालतं, मनाला लावून घेऊ नका.

अहो, ड्रायव्हर वेळेवर आला होता! अगदी मिनिटाला मिनिट!

मुंबईहून आदिस अबाबामार्गे किलिमांजारोला उतरले तेव्हा दुपारचा एक वाजत आला होता. बाहेर पाट्या घेऊन उभ्या असलेल्यांत माझ्या नावाची पाटी नव्हती. दीड झाला, दोन झाले. तुकड्या-तुकड्याने सगळे गेले, डोंगर चढायला आलेले ते जर्मनसुद्धा गेले. इमर्जन्सी नंबर म्हणून जो दिला होता तो वाजून वाजून बंद पडायचा. शनिवार होता ना, त्यांची इमर्जन्सी सोमवार ते शुक्रवार असते. साडेतीनला आईचा मेसेज आला, पोचलीस का गं? मी लिहिलं, पोचले, छान आहे सगळं. चारला एका सफाईवाल्या मावशींनी स्वतःच्या डब्यातलं केळं आणून दिलं. सहा वाजता किलिमांजारो पर्वतावरचे ढग बाजूला सरले, शिखर दिसलं, आणि मला ते बघायचीही इच्छा होईना. साडेसहाला सूर्य गेला की इथे बघता बघता काळोख होतो. परक्या देशात, २३ किलोची बॅग पायाशी, अशा वेळी बाईमाणसाच्या मनात काय काय येतं ते मी लिहीत नाही. ज्या एकट्या उतरल्या असतील त्यांना ठाऊक आहे.

बरोबर सातला एक साठीचे गृहस्थ हातात माझ्या नावाची पाटी घेऊन धावत आले. मला बघून त्यांचा चेहराच पडला. कधीपासून बसलीयस विचारलं, मी सांगितलं, तर डोक्याला हात लावून तिथेच उभे राहिले. “पोले, दादा. पोले साना.” माफ कर, खूप वाईट वाटतंय. इथल्या स्वाहिली भाषेत दादा म्हणजे बहीण, हे मला त्या क्षणी कळलं. मग त्यांनी फोन काढून मेसेज दाखवला. संस्थेने लिहिलं होतं: ‘सा मोजा’. सा म्हणजे तास, मोजा म्हणजे एक. एक वाजता विमान, म्हणून मशीनमध्ये घालून भाषांतर केलं आणि दिलं पाठवून. पण स्वाहिलीत तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात म्हणजे पहिला तास, सा मोजा. दुपारचा एक म्हणजे सा साबा, सातवा तास. विषुववृत्ताजवळ सूर्य बारा महिने साधारण सहालाच उगवतो, मग तिथून मोजणंच सरळ आहे. आमच्या आजोबांच्या पंचांगातल्या घटकासुद्धा सूर्योदयापासूनच सुरू व्हायच्या! यात न कळण्यासारखं आहे काय? आणि त्या बाबांनी तर उलट विचारलंही होतं, ‘सा मोजा जिओनी?’ म्हणजे संध्याकाळचा ना? त्याला संस्थेकडून काय उत्तर गेलं होतं? अंगठा! वर केलेला अंगठा!

वर्षानुवर्षं या देशात माणसं पाठवून पैसे घेता आणि इथल्या घड्याळात किती वाजतात ते शिकून घेत नाही. आणि चूक अंगाशी आली की खापर अख्ख्या खंडाच्या डोक्यावर फोडता. हे ‘आफ्रिकन टाइम’ ज्या सुरात म्हणतात ना, तो सूर मी ओळखते. ‘इंडियन स्टँडर्ड टाइम’ म्हणून आपल्याला हिणवतात तोच. मी कऱ्हाडहून मुंबईला रात्रीच्या एसटीने जाऊन पहाटे पाचला रांगेत उभी राहणारी बाई आहे. मला वेळेवरून कुणी शिकवू नये, आणि त्या बाबांना तर नाहीच नाही.

रांगेवरून आठवलं. यलो फिव्हरच्या लशीसाठी मी एक किरकोळ रजा आणि दोन रात्रींची झोप घालवली. आदिसमार्गे परत यायचं तर भारतात उतरताना लशीचं ते पिवळं कार्ड मागू शकतात, आणि लस घेतल्यावर ते ग्राह्य धरायला १० दिवस जावे लागतात. संस्थेच्या १४ पानी पीडीएफमध्ये याची एक ओळ नाही. सूर्यास्ताचे फोटो कसे काढावेत यावर मात्र अख्खं पान! टांझानियात २०१९पासून प्लास्टिकच्या कॅरीबॅगा बंद आहेत, तेही नाही लिहिलं. आईने लाडू, चिवडा, मेतकूट सगळं कॅरीबॅगांत गाठी मारून दिलेलं, ते विमानतळावर सगळ्यांसमोर सोडून बॅगेत मोकळं भरावं लागलं. नियम चुकीचा नाही, आपल्याकडेही २०१८पासून आहे. पण सांगाल की नाही आधी?

पोलिसांचा दाखला मागितला, मी पासपोर्ट ऑफिसचे खेटे घालून आणला. मुलांत काम करायचं तर तो मागायलाच हवा. पण तो कुणी उघडूनही पाहिला नाही. मी काय शिकवते, किती वर्षं शिकवते, कुठल्या वर्गाला, यातला एक प्रश्न त्यांनी विचारला नाही. टी-शर्टचा साइज तीनदा विचारला.

आणि आता खरी आग.

व्हिसा. मी सुरुवातीलाच विचारलं होतं की स्वयंसेवक म्हणून जाताना वेगळं काही लागतं का. उत्तर आलं: साधा पर्यटकाचा व्हिसा काढा, ५० डॉलर, सगळे तेच करतात, खिडकीवर फक्त ‘हॉलिडे’ म्हणा, शाळेचं नाव काढू नका. आदिसला चार तास बसायचं होतं तेव्हा टांझानियाचे नियम नीट वाचले. स्वयंसेवकांसाठी ‘क्लास सी’ रहिवासी परवाना असतो, पर्यटक व्हिसावर कसलंही काम चालत नाही, बिनपगारीसुद्धा नाही. पण तोवर मी निम्म्या वाटेत होते. खिडकीत माझ्याच वयाची अधिकारी होती. बोटांचे ठसे घेतले, विचारलं कशासाठी आलात. माझ्या बॅगेत ४० भिंगं, चुंबकं, लिटमसचे कागद. आणि मी म्हणाले, हॉलिडे. ती हसली आणि म्हणाली, “कारिबू.” या, स्वागत आहे.

अठरा वर्षं मी पोरांना सांगत आले की प्रयोगवहीत जे दिसलं तेच लिहा, उत्तर चुकलं तरी चालेल. आणि दुसऱ्याच्या देशाच्या उंबऱ्यावर माझं पहिलं वाक्य खोटं. ती चूक माझीच. तिथेच खरं बोलायला हवं होतं, बोलले नाही, घाबरले. पण माणसांना असं खोटं बोलायला लावून त्यावर धंदा करणाऱ्यांना काय म्हणायचं?

गाडीत बाबांशी बोलताना आणखी कळलं. (गाडीला इथे ‘गारी’च म्हणतात.) त्यांची नात त्याच शाळेत आहे. शाळा सरकारी प्राथमिक, म्हणजे शिकवणं सगळं स्वाहिलीत. इंग्रजी माध्यम माध्यमिकपासून. संस्था मला म्हणाली होती, भाषेची काळजी नको, प्रेम पुरेसं आहे. नाही हो, पुरत नाही प्रेम! उद्या कुणी परदेशी बाई आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आली, मराठीचा एक शब्द येत नाही, आणि म्हणाली मी चौथीला अपूर्णांक शिकवते, तर मी तिला वर्गात उभी करीन का? पोरांचे ते तास परत कोण देणार? वर शाळेला १० दिवसांनी सुट्टी लागतेय. माझे ४ आठवडे भरायला संस्थेने मला नेमकं याच तारखेला बोलावलं, कारण माझी मे महिन्याची सुट्टी त्यांच्या पैशाला सोयीची होती. शाळेच्या वेळापत्रकाकडे बघितलं कुणी?

निघताना मावशी म्हणाली होती, आपल्याकडे शाळांना मास्तर नाहीत आणि तू कुठे निघालीस. तिच्यावर तेव्हा चिडले होते. तिच्या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही, तेही डाचतंय. चुलतभावाने तर फक्त सिंहाचा फोटो मागितला.

बाबा मला रस्ताभर ‘म्वालिमू’ म्हणत होते. शिक्षक. या देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांना, न्येरेरेंना, लोक याच नावाने ओळखतात, कारण ते आधी शाळेत शिकवायचे. इतका मान असलेला शब्द. मला तो ऐकवत नव्हता.

रात्री त्या मेसेजला मी उत्तर दिलं: ड्रायव्हर वेळेवर आले होते, चूक तुमची आहे, त्यांची लेखी माफी मागा, आणि ९८० डॉलरपैकी शाळेला किती पोचतात तो हिशेब पाठवा. दोन निळ्या खुणा दिसतायत. उत्तर नाही. आज रविवार, म्हणजे इमर्जन्सी बंद.

उद्या आधी इमिग्रेशन ऑफिसला जाऊन खरं ते सांगणार आहे. दंड म्हणाले तर दंड, परत जा म्हणाले तर परत. तिथून शाळेत, हेडमास्तरांना भिंगं आणि चुंबकं द्यायची आणि विचारायचं की इथल्या विज्ञानाच्या शिक्षकांना वर्गाबाहेर माझा काही उपयोग आहे का. बाबा न्यायला येणार आहेत, सा म्बिलीला. म्हणजे आठला. मी पावणेआठपासून फाटकात उभी असेन.