ब्रेड कशाला लागतो पाण्यात?

मालवणला स्कूबा डायव्हिंगला गेलं की दर वेळी तेच. मास्क लावून पाण्यात उतरतोय न उतरतोय तोच कुणीतरी हातात ब्रेडचा तुकडा कोंबतं. "धरा, मासे येतील, व्हिडिओ मस्त होतो!" अहो, मासे इथेच राहतात! सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचे हे खडक त्यांचंच घर आहे. काळ्या पट्ट्यांचे मासे त्या लगद्यावर अक्षरशः तुटून पडतात, बोटांना चावतात, आणि लोक खूश. खडकावरचं शेवाळ खाणाऱ्या माशांनाही हीच सवय लागली तर ते शेवाळ खरवडणार कोण? ते माजलं की प्रवाळाची, म्हणजे खडकासारख्या वसाहती करून राहणाऱ्या इवल्या जिवांची, जागा बळकावतं.

आणि पाय! "इथे उभे राहा, फोटो घेतो." ज्याला दगड समजून उभं करताय ते जिवंत प्रवाळ आहे हो. गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं. टाचेखाली गेलं की संपलं. वरून होडीचा नांगर थेट खडकावर, तो ओढला की पांढरा ओरखडा लांबलचक.

1987 पासून हे सागरी अभयारण्य आहे. प्रवाळाला 1972 च्या वन्यजीव कायद्यात वाघाच्या बरोबरीनं पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत, स्थान आहे. वाघाला कुणी ब्रेड भरवू देईल? होड्या बांधायला कायमचे बोये, म्हणजे तळाशी बांधलेले तरंगते गोळे, टाका, ब्रेड किनाऱ्यावरच काढून घ्या, आणि ज्याला पाण्यात तरंगता येत नाही त्याला आधी उथळ वाळूवर शिकवा. एवढंही जमत नसेल तर त्या खडकांवर कुणाला नेऊच नका!