‘किरकोळ काम’ असलेला ट्रॅक्टर घ्यायचाय? घ्याच!

जुना मिनी ट्रॅक्टर बघून आलात, मालक म्हणाला ‘थोडं काम आहे, बाकी गाडी एक नंबर’, आणि तेव्हापासून तुम्हाला झोप नाही. छान. म्हणजे निम्मा व्यवहार झालाच. उरलेला निम्मा कसा उरकायचा ते मी सांगतो. तीन आठवड्यांपूर्वीच मी तो उरकलाय, आणि त्या यशाचे दोन तुकडे सध्या माझ्या शेडमध्ये उभे आहेत.

पहिली गोष्ट, जाण्याआधी फोन करा. ‘दहा वाजता पोचतो’ असं घड्याळ लावून सांगा. समोरच्याला तयारीला वेळ द्यायला नको? तुम्ही पोचाल तेव्हा ट्रॅक्टर ‘आत्ताच जरा फिरवून आणला’ असेल. मालक सेल्फ मारेल, इंजिन पहिल्या हाकेला ओ देईल, आणि तुम्ही माझ्यासारखं ‘वा!’ म्हणायचं. रेडिएटरला नाहीतर ब्लॉकला हात लावून आधीच तापवून ठेवलाय का ते बघणं शोभत नाही. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून तापते त्यावरच डिझेल पेटतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की तो दाब होत नाही, आणि हे पहाटेच्या गारठ्यात लगेच कळतं, गरम इंजिनात सहजासहजी कळत नाही. पण पहाटे न सांगता कुणाच्या दारात जायचं, बरं दिसतं का ते? मी नाही गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात सेल्फ मारून मारून बॅटरी बसली, मग पांढऱ्या धुराचा एक लोट आला, आणि शेजारी विचारायला आले की काय जाळताय.

धुराचा रंग बघू नका. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, निळा म्हणजे ऑइल जळतंय, थंड इंजिनाचा पांढरा हटायलाच तयार नसेल तर कॉम्प्रेशन, म्हणजे तो हवेचा दाब, कमी नाहीतर डिझेल फवारणारं नोझल खराब, आणि गरम झाल्यावरही पांढराच येत असेल तर कदाचित पाणी. एवढं पाठ करून गेलात की मालकाशी गप्पा कधी मारणार?

ऑइल भरायचं झाकण चालत्या इंजिनावर सैल करून बघायची खोड काही लोकांना असते. तिथून भकभक धूर आला, झाकण नाचायला लागलं, की हे लोक मान हलवत परत जातात. असल्या संशयी माणसांच्या नशिबी जुना ट्रॅक्टर नसतोच. डिपस्टिक काढली आणि ऑइल दुधासारखं दिसलं तर समजा नवीन प्रकारचं ऑइल असेल. ऑइलमध्ये पाणी, हेड गॅस्केट, फुटलेलं स्लीव्ह (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) असले अभद्र शब्द तोंडातून काढू नका.

रंग नवा असेल तर लगेच घ्या.

खरंच सांगतो. माझ्या ट्रॅक्टरचा रंग इतका नवा होता की रबरी पाइपांनाही लागला होता, ग्रीसच्या निपलांनाही, आणि कंपनीच्या नंबर-पट्टीवर तर असा चढला होता की मॉडेल कुठल्या सालातलं ते वाचताच येईना. इतक्या मायेने कोण रंगवतं हो? सगळे बोल्ट रंगाखाली, फक्त बेल हाउसिंगचे, म्हणजे क्लचच्या घराचे, तेवढे पान्याने खरवडलेले, चकचकीत. मला वाटलं, किती काळजी घेतलीय, मधून मधून आवळतात वाटतं.

आवर मीटरवर पूर्ण विश्वास ठेवा. माझ्या मीटरवर 1140 तास होते. क्लचच्या पायडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं, टो-बारची भोकं अंडाकृती, स्टेअरिंगच्या चाकाची खाचही दिसेना, पण तास 1140. जुन्या ट्रॅक्टरांत मीटर केबलवर चालतं, इंजिनाचे फेरे मोजतं. केबल तुटली की मीटर थांबतं, ट्रॅक्टर थांबत नाही. ही केबल नेमकी कुठल्या साली तुटली हे विचारून मालकाला अडचणीत आणू नका.

पीटीओ, म्हणजे अवजारं फिरवणारा मागचा दांडा, लावून बघू नका. लिफ्टवर वजन घेऊन, इंजिन बंद करून, दहा मिनिटं थांबून अवजार खाली बसतंय का ते तर मुळीच बघू नका. दहा मिनिटं गप्प उभं राहायचं म्हणजे किती अवघडल्यासारखं होतं!

फोर व्हील असेल तर पुढचे टायर कुठल्याही मापाचे चालतात. पुढची चाकं किंचित जास्त वेगाने फिरावीत असा हिशेब कंपनीने गिअरमध्ये बांधलेला असतो, आणि माप बदललं की तो हिशेब फिस्कटून सगळा ताण पुढच्या एक्सलवर आणि गिअरवर येतो. पण टायर नवे तर होते ना? मग?

आता मुद्द्यावर येतो. ‘थोडं काम’. मला सांगितलं होतं, ‘क्लच जरा वर धरतोय, प्लेट टाकली की झालं.’ मीही मान डोलावली. प्लेट म्हणजे काय, ताटाएवढी चकती. दुकानात गेलो, भाव विचारला, खिशात मावणारा होता. मनातल्या मनात गणित मांडलं: ट्रॅक्टर अधिक प्लेट, तरीही नव्याच्या निम्म्याहून कमी. घरी येऊन बायकोलाही ते गणित ऐकवलं. ती म्हणाली, ‘एवढंच काम आहे तर त्याने स्वतःच का नाही करून घेतलं? करून विकला असता तर जास्त पैसे आले असते.’ मी म्हणालो, तुला यातलं कळत नाही.

तिला यातलं कळत नव्हतंच. तिला एवढंच कळत होतं.

ट्रॅक्टरला मोटारीसारखी वेगळी चॅसी बहुधा नसते. इंजिन, क्लचचं घर, गिअरबॉक्स, मागचा एक्सल हे एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तोच त्याचा सांगाडा. क्लच मध्ये. म्हणजे ती खिशात मावणारी चकती बदलायची तर ट्रॅक्टर कंबरेतून फोडायचा. पुढचा एक्सल पाचर मारून डुगडुगणार नाही असा बांधायचा, इंजिन घोडीवर टेकायचं, मागचा भाग जॅकवर घेऊन सरकवायचा, त्याआधी वायरिंग, डिझेलच्या नळ्या, हायड्रोलिकचे पाइप, स्टेअरिंगचा दांडा, बॉनेट, सगळं सोडवायचं. हे एका माणसाचं काम नाही, एका दिवसाचंही नाही. आणि फोडल्यावर दिसतं काय? प्लेट झिजलेली नव्हतीच! प्लेट ऑइलने भिजलेली होती. म्हणजे क्रँकचा मागचा सील गेलेला. म्हणजे आत्ता नवी प्लेट टाकली असती तर तीही महिन्याभरात भिजली असती, आणि पुन्हा कंबर. सील का गेला? कारण ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या पोटातली हवा बाहेर सोडणारी वाट, तुंबलेला आणि रिंगा झिजल्यामुळे त्या पोटात दाब, ऑइल वाट मिळेल तिथून बाहेर. म्हणजे रिंगा. रिंगा म्हणजे हेड खोला. हेड खोललं की स्लीव्ह बघा, पिस्टन बघा, बेअरिंगं बघा. फ्लायव्हीलवर निळे डाग, कुणीतरी घसरता क्लच महिनोन्‌महिने हाणलेला, म्हणजे फ्लायव्हील लेथवर. रिलीज बेअरिंग हातात फिरवलं तर खडी भरल्यासारखं वाजतंय. आणि ते चकचकीत बोल्ट आठवतात? आधीही हा ट्रॅक्टर इथूनच फोडलेला होता. आत कुणीतरी सीलच्या जागी बोटभर सिलिकॉन फासून ठेवलं होतं. बोटाचा ठसासुद्धा दिसत होता त्यात. म्हणजे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी उघडलं, बघितलं, खर्चाचा आकडा ऐकला, सिलिकॉन फासलं, बंद केलं, वरून रंग मारला आणि मला म्हणाले ‘क्लच जरा वर धरतोय’. जरा!

असो. सल्ला द्यायचा होता, विसरलो.

सुटे भाग मिळतील का हे ट्रॅक्टर घेतल्यावरच विचारा. आधी विचारलंत तर कळेल की हे मॉडेल कंपनीने बंद करून युगं लोटली, मग घ्यायची मजाच जाते. घेण्याआधी तीनच भागांची चौकशी करायची असते, क्लच प्लेट, वॉटर पंप आणि डिझेल पंपाचं किट. हे तिन्ही मिळत असतील तर उरलेलेही बहुतेक मिळतात. दोन फोनचं काम. मी केलं नाही. आता माझ्या फोनमध्ये अकरा दुकानदारांचे नंबर आहेत आणि अकराही जण मला आवाजावरून ओळखतात. त्यातला एक फार प्रेमळ आहे, ‘जुना काढून घेऊन या, मापावरून बघू’ म्हणतो. जुना काढायचा म्हणजे पुन्हा खोलायचा.

मेकॅनिकला बरोबर नेऊ नका, तो पैसे मागतो.

आणि ‘नंतर विकून टाकू, पैसे तर सुटतील’ हे वाक्य घोकून ठेवा. आमच्या ट्रॅक्टरच्या आधीच्या मालकानेही ते घोकलं होतं. त्याच्या आधीच्यानेही. अशा रीतीने तो माझ्यापर्यंत आलाय आणि आता सिलिकॉन फासायची पाळी माझी आहे. पाठवू का पुढे तुमच्याकडे? रंग अजून नवाच आहे.

नाही, पुरे झालं. हसताय काय? तुम्ही उद्या तेच करणार आहात, मला माहीत आहे, कारण मी चांगला डोळस माणूस समजत होतो स्वतःला. बैल घेताना दात बघणारी आपण माणसं, ट्रॅक्टर घेताना डिपस्टिक बाहेर काढायची लाज वाटते? कुणाची भीड पडते आपल्याला? आयुष्यात पहिल्यांदा भेटलेल्या माणसाची! तो काय म्हणेल म्हणून आपण दहा मिनिटं लिफ्टपाशी थांबत नाही, आणि मग सहा महिने मेकॅनिकच्या दारात थांबतो. फसवणारा फसवतोच, त्याचा धंदा आहे, पण झाकण उघडायला त्याने आपला हात धरला होता का? नव्हता धरला. मीच हात मागे बांधून त्याच्या रंगाचं कौतुक करत उभा होतो. पैसे गेले त्याचं एवढं नाही. वाफसा आला होता, चार दिवस जमीन हवी तशी होती, आणि माझा ट्रॅक्टर शेडमध्ये कंबरेतून मोडून पडला होता. ते चार दिवस कुठल्या दुकानात मिळतात सांगा.

उद्या जाणार असाल तर फोन करू नका. उजाडायच्या आत जा. पाय ठेवल्या ठेवल्या, रामराम करायच्याही आधी, इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर तसेच मागे फिरा. आणि तो ओरडला मागून ‘अहो, थोडंच काम आहे’, तर त्याला म्हणा, मग करून ठेव, मी पुढच्या आठवड्यात येतो.